आतून फुटलेल्या काचा

रविवारी सकाळी चहा झाल्यावर सेक्रेटरी फोन घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. फुटलेल्या काचेचे फोटो काढायचे होते, काम एवढंच. संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती आणि विषय एकच होता, गाड्यांच्या काचा कोण फोडतंय. सेक्रेटरी म्हटल्यावर मीटिंगला काहीतरी हातात घेऊन बसावं लागतं. पहिली काच फुटली तेव्हा "चौकशी चालू आहे" म्हणून भागलं होतं. दुसऱ्या वेळी लोकांनी तोंडं वाकडी केली. आणि आता फुटली ती थेट फौजदारांच्या गाडीची, म्हणजे आज कुणाची धडगत नव्हती.

हे फौजदार पोलिसात कधीच नव्हते बरं का. त्यांचं टाइल्सचं दुकान होतं. पण कुणी लिफ्टपाशी चप्पल काढली तरी अशी उलटतपासणी घ्यायचे की सगळी बिल्डिंग त्यांना मागून फौजदार म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. सेक्रेटरींचं तसं नव्हतं. ते मऊ माणूस. बाजारातल्या रस्त्यावर त्यांचा छोटा दवाखाना होता, तिथे म्हाताऱ्या माणसांचे कान तपासायचे आणि कानात घालायची मशीनं बसवून द्यायचे. वाद नको, सगळ्यांशी गोड बोलावं, असा त्यांचा खाक्या. अशाच माणसाला लोक सेक्रेटरी करतात.

पार्किंग तळघरात होतं. उतार संपला की उजेड पिवळट होई आणि ओल, रबर आणि सांडलेल्या पेट्रोलचा मिळून एक वास नाकात बसे. वर कुणी नळ सोडला की छताखालच्या पाइपातून पाणी धावे, आणि तो आवाज खांबाखांबांवर आपटत लांबवर जाई. सेक्रेटरींना तो आवाज रोजचाच होता. त्या दिवशी मात्र ते दोनदा थांबून मागे बघायला लागले.

फौजदारांच्या गाडीची ड्रायव्हरकडची काच गेली होती. आजकालच्या काचा फुटतात म्हणजे त्यांचे बारीक चौकोनी खडे होतात. त्या खड्यांचा पसारा फरशीवर पडला होता. सेक्रेटरींनी फोटो काढला, वाकून आणखी एक काढला, आणि तसेच वाकलेले राहिले. खडे सगळे बाहेर होते. सीटवर एकही नव्हता, गाडीत खाली एकही नव्हता. बाहेरून मारलं तर काच आत पडते, एवढं कळायला खरा फौजदार लागत नाही.

मग त्यांनी सीट पाहिली. फौजदार म्हणजे आडवातिडवा माणूस, पोट सांभाळायला सीट पार मागे सरकवून बसणारा. ती सीट आता ओढून ओढून पुढे आली होती, अगदी स्टिअरिंगला टेकेल इतकी. एवढ्या जागेत एखादा लहानखुरा माणूसच बसू शकला असता. अशी सीट लावून बसणारा एकच माणूस त्या बिल्डिंगमध्ये होता, आणि तो जाऊन आता काही महिने झाले होते.

काका म्हणायचे त्यांना सगळे. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, उंचीला बेताचे, आवाजाला खणखणीत. चौथ्या मजल्यावर ते आणि काकी, दोघंच. काकींना ऐकू कमी येई, त्यामुळे घरात टीव्ही असा लागे की शेजाऱ्यांना स्वतःचा टीव्ही लावायची गरज नसे. काका वैतागून म्हणायचे, "मी आपला माझ्या गाडीत बरा." आणि खरंच रोज संध्याकाळी खाली येऊन आपल्या जुन्या छोट्या गाडीत बसायचे, सीट पुढे ओढून, हळू आवाजात रेडिओ लावून. जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करायचे. गाडी कुठे न्यायची नसायचीच.

त्या वेळी सोसायटीत गाड्यांच्या अलार्मनी उच्छाद मांडला होता. मांजर उडी मारो, बाहेरून ट्रक जावो, कुठलीतरी गाडी केकाटायचीच. एकदा असाच अलार्म बंद करायला वॉचमन खाली गेला, गेट उघडं राहिलं, आणि तेवढ्यात कुणीतरी आत शिरून एका गाडीतली बॅग लांबवली. केवढा गोंधळ झाला! मग सेक्रेटरींनीच नियम काढला, काहीही झालं तरी वॉचमननं गेट सोडायचं नाही, आणि ज्याची गाडी वाजेल त्यानंच खाली जाऊन बंद करायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. फौजदारांनी तर टाळ्याही वाजवल्या. गाड्या सुरक्षित राहाव्यात म्हणूनच होता ना तो नियम.

आणि मग ती संध्याकाळ आली. सेक्रेटरी जेवायला बसले होते. खालून हॉर्न वाजायला लागला. ग्रुपवर लोकांचं सुरू झालं, कुणाची गाडी आहे, बंद करा, इथे बाळ झोपलंय. तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

"साहेब, खाली हॉर्न वाजतोय," वॉचमन म्हणाला. "बघून येऊ का?"

"गेट सोडायचं नाही, ठरलंय ना मामा आपलं?"

"हो साहेब... पण हा अलार्म नाही वाटत."

"ज्याची गाडी असेल तो बघेल. तुम्ही जागा सोडू नका."

त्यांनी इंटरकॉम ठेवला, बाल्कनीचं दार ओढून घेतलं आणि परत ताटावर बसले. आता तुम्ही म्हणाल, त्यांना काय माहीत? तेच तर आहे. त्यांना माहीत होतं. अलार्म एका मापानं वाजतो, त्याला दम लागत नाही. हा हॉर्न आधी लांब वाजला, मग आखूड, मग थांबला, मग दोनदा तुटक, मग बराच वेळ थांबला. कान तपासताना माणसं बटण कधी आणि किती वेळ दाबतात, दिवसभर हेच बघत बसायचा त्यांचा धंदा. हे माणसाच्या हाताचं दाबणं आहे आणि तो हात दमत चाललाय, हे त्यांना जेवता जेवता कळलं होतं. तरी ते जेवत राहिले. पोरं खेळत असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि पोरं असं खेळत नाहीत हेही त्यांना कळत होतं.

सकाळी गाड्या पुसणाऱ्याला काका दिसले. छातीत कळ आली होती, दाराचं लॉक काही त्यांना काढता आलं नसावं. तळहात काचेला चिकटलेला होता. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, लवकर हाती लागते तर वाचले असते. सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर गेले आणि काकींसमोर बसून मोठ्यानं म्हणाले, "एका क्षणात गेले, काकी. त्यांना कळलंसुद्धा नसेल." बाकीच्यांनीही तीच री ओढली. हॉर्न सगळ्यांनीच ऐकला होता. पण काकींपुढे त्याचं नाव कुणी काढलं नाही.

पुढे काकांच्या पुतण्यानं ती गाडी विकून टाकली. गाडी गेली आणि त्याच आठवड्यात पार्किंगमधली पहिली काच फुटली.

सेक्रेटरी अजून त्या सीटकडे बघत होते तेवढ्यात मागून झाडूचा आवाज आला. ते केवढ्यानं दचकले! वॉचमनमामा होते, खडे गोळा करायला आलेले.

"गेटवर पाण्याच्या पंपवाल्याला बसवून आलोय साहेब," मामा आधीच सांगून मोकळे झाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आज मला काढणार म्हणतात."

"कोण म्हणालं?"

"फौजदारसाहेब. काचांचं तर आहेच, पण त्या दिवशीचंही काढणार म्हणाले... की मी हॉर्न ऐकून गेलो नाही." मामांनी झाडू खांबाला टेकवला. पंपाच्या मागची खोली त्यांना नोकरीबरोबर मिळालेली. तिथे ते आणि त्यांची मुलगी राहत. मुलीची परीक्षा तोंडावर आली होती. "साहेब, जास्त काही नको. मी विचारलं होतं, एवढंच सांगा सगळ्यांना. नोकरी गेली तर जागाही जाईल माझी."

सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बघू. तुम्ही काळजी करू नका."

खरं तर त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं होतं की मामा गेले तर तो इंटरकॉम ऐकलेला दुसरा माणूसच उरणार नाही. आलं आणि गेलं. पण आलं होतं, आणि त्याची त्यांना इतकी शरम वाटली की जिना चढताना त्यांनी मामांकडे वळूनही पाहिलं नाही.

दुपारी काकींना दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. कानातलं मशीन नीट चालत नाही म्हणत होत्या. रविवारी गर्दी नसते, म्हणून सेक्रेटरी स्वतःच गाडीतून घेऊन गेले. काका गेल्यापासून ते काकींची जरा जास्तच सेवा करत. बायको एकदा म्हणालीही होती, "आईलासुद्धा एवढं बघितलं नाहीत कधी."

कान तपासायची खोली म्हणजे कपाटाएवढी. चारी भिंतींना जाड अस्तर, दार लावलं की बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नाही, आणि मध्ये एक काचेची खिडकी. काकी आत बसल्या, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की बटण दाबायचं, मग बाहेर सेक्रेटरींपुढे एक हिरवा दिवा लागे. काकींना हे सगळं तोंडपाठ होतं.

सेक्रेटरी मशीनच्या खटक्याकडे हात नेतात न नेतात तोच दिवा लागला.

लागला तो बराच वेळ लागून राहिला. मग विझला. मग थोडा लागला.

"काकी, अजून सुरू केलं नाही मी," ते माइकमधून म्हणाले.

काकींनी मान हलवली. डोळे मिटलेले होते, चेहरा मन लावून ऐकणाऱ्याचा. दिवा दोनदा तुटक लागला. मग थांबला. सेक्रेटरींनी वायर तपासली, खटका तपासला. मशीनमधून काहीही जात नव्हतं. दिवा पुन्हा लागला... आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण आता पुढे किती वेळ थांबणार आणि मग किती वेळ लागणार, हे त्यांना आधीच माहीत होतं. हे सगळं लांब-आखूड ते एकदा ताटावर बसून ऐकून चुकले होते. मधला खंड वाढत गेला. शेवटी एकदा तो अगदी पुसट, लागला न लागला असा झाला आणि परत लागलाच नाही.

काकींनी बटण मांडीवर ठेवलं आणि आतल्या माइकमधून म्हणाल्या, "थांबला."

"काय... काय थांबला?"

"हॉर्न रे. एवढा वाजत होता." मग काचेतून त्यांनी थेट सेक्रेटरींकडे पाहिलं. "त्या दिवशी असाच वाजला होता का?"

दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायला याहून चांगली जागा आणि वेळ मिळाली नसती.

"नाही, काकी. त्या दिवशी काही वाजलं नव्हतं."

"टीव्ही चालू होता माझा," काकी म्हणाल्या. "मला कुठलं ऐकू यायला... तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल."

परत येताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सेक्रेटरी रडवेले झाले होते, पण गाडी चालवताना समोर बघावं लागतं ही एक सोय असते.

मीटिंग पार्किंगमध्येच भरे, कारण दुसरीकडे कुठे एवढ्या खुर्च्या मावत नसत. संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, भोवती गाड्यांच्या रांगा. काकी आल्या नव्हत्या. काका गेल्यापासून त्या पार्किंगमध्ये पाऊल ठेवत नसत, गाडीतही गेटपाशीच चढत-उतरत. मामा खांबाजवळ उभे होते. त्यांना बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

फौजदार उठले आणि सुटलेच. "आपण पगार कशाचा देतो? रात्रंदिवस हा इथे, आणि काचा फुटतात तरी याला आवाज येत नाही! यालाच कसा येत नाही?"

"काही चोरीला गेलंय का पण?" मागून एक वहिनी म्हणाली.

"अहो, चोरी नाही म्हणजे मुद्दाम! डूख धरून! आणि काचांचं सोडा. काकांच्या वेळी काय झालं? माणूस इथे तडफडत होता, हॉर्न वाजवत होता, आणि हे महाशय गेटवर बसून होते!"

खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. ऐकला तर सगळ्यांनी होता. पण आता बोट दाखवायला एक माणूस मिळाला होता, आणि लोकांना केवढं हलकं वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. कुणीतरी जोरात म्हणालंही, "हो ना, निदान वॉचमननं तरी!"

मामा इतकंच म्हणाले, "मी सेक्रेटरीसाहेबांना विचारलं होतं."

सगळ्या माना सेक्रेटरींकडे वळल्या. वरून पाइपातून पाणी धावलं आणि बंद झालं. मग त्या शांततेत सेक्रेटरींना आवाज आला. मागच्या रांगेतून कुठूनतरी, अगदी दबका... थप. जाड काचेवर तळहात आपटावा तसा. थांबून पुन्हा... थप. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीही वळलं नव्हतं. सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

मागच्या रांगेत त्यांची स्वतःची गाडी उभी होती.

"मला..." सेक्रेटरी म्हणाले, "मला तसं काही आठवत नाही."

मामांनी काही म्हणता काही केलं नाही. ओरडले असते, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसे. मामांना काढायचं म्हणणाऱ्यांना फौजदारांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. सेक्रेटरींनीही केला, खांद्यापर्यंतच, पण मोजायला तेवढा पुरला. मामांनी गेटच्या किल्ल्या आणि शिट्टी एका रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि ते खोली आवरायला गेले. मागून थप, थप चालूच होतं. सेक्रेटरी खुर्च्या न उचलताच वर पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची ट्रंक रिक्षात चढली. त्यांच्या मुलीनं वह्या पोटाशी धरल्या होत्या. सेक्रेटरी बाल्कनीतून बघत होते. जाऊन काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं आणि ते गेले नाहीत.

संध्याकाळी नवा वॉचमन आला, एजन्सीचा, कडक इस्त्रीचा. सेक्रेटरींनी त्याला इंटरकॉम दाखवला, रजिस्टर दाखवलं. गेटच्या नियमापाशी आले आणि त्यांनी रजिस्टर मिटून टाकलं. "बाकीचं उद्या सांगतो," म्हणून ते वर आले.

जेवणं व्हायची होती. इंटरकॉम वाजला.

"साहेब, एक सांगायचं होतं," नवा वॉचमन जरा भीत भीत म्हणाला. "माझ्याकडून दोन मिनिटं गेट सुटलं."

"का?"

"खाली एक आजोबा गाडीत अडकले होते. काचेवर हात मारत होते, आवाज आला म्हणून धावलो. मी दार उघडून दिलं... माणूसच अडकला म्हटल्यावर विचारत कुठे बसायचं, म्हणून नाही विचारलं."

"कुठली गाडी?"

"तुमचीच. मला वाटलं तुमच्याकडचे पाहुणे."

गाडीची किल्ली समोर खुंटीवर होती. सेक्रेटरी तिच्याकडे बघत राहिले.

"आता... कुठे आहेत ते?"

"लिफ्टनं वर गेले. हात पार सोलवटले होते हो त्यांचे. म्हटलं डॉक्टरांना सांगू का. तर म्हणाले, नको, घरी ही आहे, ती बघेल."

सेक्रेटरी जिन्यानं निघाले. लिफ्टचं बटण दाबायची छाती झाली नाही. चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. काकींचा टीव्ही बंद होता. या वेळेला तो बंद असलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून जखमेवर लावायच्या औषधाचा झणझणीत वास येत होता.

आतल्या खोलीत टेबलावरचा दिवा लागलेला होता. काकी दाराकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या, समोर काकांची हातांची खुर्ची. खुर्चीच्या हातावर टॉवेल अंथरलेला. बाजूला बशी होती, बशीत पाणी, पाणी लालसर झालेलं, आणि तळाशी काचेचे बारीक चौकोनी खडे.

"आलास?" काकी वळल्या नाहीत. त्यांचं कानातलं मशीन बशीशेजारी काढून ठेवलेलं होतं. "त्या दिवशी वॉचमननं विचारलं होतं ना तुला?"

सेक्रेटरींना वाटलं, पळावं. पण खरं सांगायचं तर आता पळून जाण्याचीही त्यांना लाज वाटली.

"हो," ते म्हणाले. आवाज अगदीच बारीक निघाला. "विचारलं होतं."

"आणि ऐकूही येत होतं तुला."

"हो, काकी... सगळं ऐकू येत होतं." ते रडायला लागले.

काकींनी मान हलवली. रागावल्या नाहीत. हातातल्या चिमट्यानं त्यांनी टेबलावरच्या टॉर्चकडे खूण केली. "ती धर जरा. माझी नजर पोचत नाही. एक तुकडा फार आत गेलाय."

त्यांनी टॉर्च लावली आणि जवळ जाऊन धरली. खुर्ची रिकामी होती. टॉवेलावर काहीच नव्हतं. पण मधोमध तो दबलेला होता, त्याच्यावर कुणी हात टेकवावा तसा, आणि प्रकाश पडताच तो दाब किंचित मागे सरकला.

"हलू नका हो," काकी चिमटा खाली नेत म्हणाल्या. "आता हा आलाय ना."